पोटावरचा चेंडू, करपलेली रू

लुशस आर्सनोने त्या मोसमात पळवलेला पाचवा चेंडू त्याच्या पोटावर पडला. तो त्या वेळी मैदानावर उताणा होता. पाय घसरला होता, आणि पडता पडता ‘गेलो आपण’ एवढाच विचार त्याच्या डोक्यात आला होता. ज्या गड्याला अडवायचं तो केव्हाच पुढे सटकला होता. वरून आलेला चेंडू त्या गड्याच्या हेल्मेटवर टणकन आपटला, उलटा फिरला आणि गिरक्या घेत लुशसच्या बेंबीवर येऊन विसावला. लुशसने दचकून कोपरं मिटली. पंचाने वाकून पाहिलं, हात वर केला, आणि पॉइंट ल्यूस कॉलेजच्या मैदानाभोवती जमलेलं अख्खं गाव नाचायला लागलं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉर्नरबॅकचं काम सांगायला सोपं आहे. समोरच्या संघाचा एक गडी कडेकडेने सुसाट पळत सुटतो, त्याला चिकटून पळायचं आणि त्याच्याकडे फेकलेला चेंडू त्याला मिळू द्यायचा नाही. जमलं तर तो मधल्या मधे आपणच पळवायचा. लुशसने पाच पळवले होते. पहिला काखेत अडकला. दुसरा हेल्मेटच्या जाळीत रुतला. तिसरा गुडघ्यांच्या मधे. चौथा त्याच्या पाठीत आणि समोरच्याच्या छातीत, आणि ओढाताणीत तो याच्या वाट्याला आला. पाचवा पोटावर. हातात धरलेला असा एकही नव्हता.

पण गावाला त्याचं काय. न्हाव्याच्या दुकानात नॉर्बर्ट काका गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा टेकवून सांगायचा, “पोरगं चेंडूला बोलावतं. नुसतं बोलावतं.” वस्तरा गालावर असल्यामुळे गिऱ्हाईक वाद घालत नसे.

सोमवारी दुपारी एबेअर सरांनी लुशसला व्हिडिओच्या खोलीत बोलावलं. एबेअर सर म्हणजे कॉर्नरबॅकांचे कोच. अंगाने बेताचे, आवाजाने दांडगे, आणि कौतुकाच्या बाबतीत इतके चिक्कू की बायकोच्या स्वयंपाकालाही ‘चालेल’ म्हणायचे. त्यांनी दिवा मालवला आणि पडद्यावर पाचवा चेंडू लावला.

“इथे तू काय करतोयस?”

“पडतोय, सर.”

“ठरवून?”

“नाही, सर.”

“बरं झालं स्पष्ट बोललास. काल चर्चच्या दारात मला तिघांनी सांगितलं की तू ठरवून पडलास.” सरांनी चित्र मागे नेलं. लुशस पुन्हा पडला. सरांनी पुन्हा मागे नेलं. “पडतोस मात्र झकास.”

“पण चेंडू मिळाला ना, सर.”

“मिळाला. माझ्या मेव्हण्याला पत्त्यांत ट्रक मिळाला होता. म्हणून काही मी त्याच्या हाती गाड्यांचा कारखाना देणार नाही. मला सांग, तुझ्याकडे एवढे चेंडू येतातच का?”

लुशसने मान खाजवली. “नशीब?”

“नशीब नंतर. आधी समोरचे तुझ्या बाजूला का फेकतात? कारण तुझा गडी मोकळा असतो. तू त्याला सोडलेला असतोस. ऑरेल तिथे उभा राहायचा तेव्हा त्या बाजूला कुणी चेंडू फेकायला धजायचं नाही. आणि लोक काय म्हणायचे? ऑरेल काहीच करत नाही, नुसता पळतो.”

ऑरेल सिमियन हा आधीचा कॉर्नरबॅक. सप्टेंबरात त्याचा घोटा मोडला आणि त्याच्या जागी, दुसरं कुणी हाताशी नव्हतं म्हणून, लुशसला उभं केलं. ऑरेलचं हे शेवटचं वर्ष. तो जाणार, म्हणजे पुढच्या वर्षी ती जागा रिकामी, आणि जागेबरोबर येणारी शिष्यवृत्तीही.

“बॅटन रूजहून एक पोरगा यायला तयार आहे,” सर म्हणाले. “चांगला आहे. त्याला आणू की तुला ठेवू, हे शनिवारी ठरेल. तू किती चेंडू पळवतोस ते मी बघणारच नाही. चेंडू तुझ्याकडे येत नसतो तेव्हा तू कुठे असतोस, तेवढंच बघणार. तू नशीबवान असशील तर मला आनंद आहे. पण नशीबवान माणूस मला पुढच्या वर्षी नको. त्याचं नशीब पुढच्या वर्षी दुसरीकडे जाईल आणि माझ्याकडे नुसता माणूस उरेल.”

लुशस उठला. सरांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली आलेला लुशसने पहिल्यांदाच ऐकला.

“आणि तुझ्या मावशीला सांग, शनिवारी रू करपवू नको म्हणावं.”

“सर, तुम्हीसुद्धा?”

“मी मानत नाही असलं काही.” सरांनी नाक चोळलं. “पण मी वाढलोय इथेच. रू करपली तर मला कळायचं नाही की तू खेळतोयस की ती. मनात किंतू राहील.”

आता रूचं सांगायलाच हवं. सामन्याच्या दिवशी आमच्याकडे मैदानाच्या कुंपणाबाहेर शेगड्या लागतात आणि सामना संपला की तिथेच जेवणं होतात. लुशसच्या यूला मावशीची जागा मैदानाच्या टोकाला, गोलच्या खांबांच्या मागे, कुंपणाच्या जाळीला अगदी खेटून. तिचा गंबो, म्हणजे झिंगे-भेंडीचं दाट कालवण, खायला लोक दोन गावं ओलांडून यायचे. गंबोचा जीव म्हणजे रू. तेलात मैदा घालायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं, तो गर्द तपकिरी होईपर्यंत. हात एकदा थांबला की करपली, आणि करपली की फेकून द्यायची. यात तडजोड नसते. आमच्याकडे माणसं सख्ख्या भावाशी अबोला धरतील, पण करपलेल्या रूचा गंबो पाहुण्याला वाढणार नाहीत.

सप्टेंबरात लुशसचा पहिलाच सामना. शेवटच्या टप्प्यात मावशी रू ढवळत होती. भाच्याकडे चेंडू येताना दिसला आणि तिचा हात थांबला. चेंडू लुशसच्या काखेत अडकला आणि रू करपली. मावशी भांडं उलटं करायला निघाली, तर नॉर्बर्ट काकाने तिचं मनगट धरलं. “हात लावू नकोस त्याला,” तो म्हणाला. “त्यानेच केलंय हे.” त्या दिवशी सगळ्यांनी तो गंबो खाल्ला. पुढच्या शनिवारी मावशीने रू मुद्दाम करपवली आणि चेंडू हेल्मेटात रुतला. मग काय, गावाचं ठरूनच गेलं. तेव्हापासून दर शनिवारी गाव उकळलेल्या टायरसारखा लागणारा गंबो निमूट गिळत होतं. फादर गिडरी डोळे मिटून खायचे. लोकांना वाटायचं, प्रार्थना करतायत.

लुशस घरी आला तेव्हा मावशी ओट्यावर भेंडी चिरत होती. आईबाप गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळायचं, त्यामुळे तो तिच्या पाठीमागे उभा राहून बोलला.

“मावशी, या शनिवारी रू नीट कर.”

सुरी थांबली. “पडताना डोकं आपटलं का तुझं?”

“मला कळायला हवं गं. मी खेळतो की तुझी रू खेळते.”

“आणि रूच खेळत असली तर?”

“तर बॅटन रूजचा पोरगा खेळेल. मी जाईन मामाच्या होडीवर, झिंगे धरायला.”

“तुला होडी लागते, मेल्या. लहानपणी नुसता धक्क्यावर उभा राहून ओकायचास.”

“म्हणूनच तर सांगतोय.”

मावशीने सुरी खाली ठेवली. “तुला काय वाटतं, मला मजा वाटते? माझी सासू जन्मात माझ्याशी गोड बोलली नाही, पण जाताना म्हणाली, यूलाची रू कुणाला जमायची नाही. आणि आता लोक माझं वाडगं घेऊन झाडामागे जातात. मला काय दिसत नाही? तुझ्यापायी नाव घालवलंय मी माझं.” लुशसला इतकी लाज वाटली की त्याने आपण होऊन कांदे सोलायला घेतले, जे त्याने यापूर्वी कधी केलं नव्हतं.

“बरं,” ती आणखी दोन कांदे त्याच्यापुढे सरकवत म्हणाली. “करते नीट. पण मैदानाकडे बघणार नाही. बघितलं की हात थांबतो माझा. पाठ फिरवून बसेन.”

“चालेल.”

“आणि माझा हात थांबला नाही आणि तुझे पाय थांबले, तर होडीवर नेऊन मीच सोडेन तुला.”

गावात बातमी लपत नाही. गुरुवारी नॉर्बर्ट काका आणि फादर गिडरी यूला मावशीच्या दारात उभे. फादरना का आणलं हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं.

“यूला, हा गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे,” नॉर्बर्ट काका म्हणाला. “कॉटनव्हिलशी सामना आहे. माझ्या बायकोचे भाऊ येणार आहेत तिकडून. हरलो तर वर्षभर मला ऐकून घ्यावं लागेल.”

“मग तू जाऊन खेळ.”

“एक शनिवार फक्त. एवढे आम्ही सोसले, आणखी एक सोसू.”

“सोसलेस? गेल्या शनिवारी तू तुझं वाडगं कुत्र्यापुढे ठेवलंस ते मी पाहिलं, नॉर्बर्ट.”

नॉर्बर्ट काकाने दाराची चौकट नखाने खरवडली. मग प्रामाणिकपणे म्हणाला, “त्यानेही खाल्लं नाही.”

“फादर, तुमचं काय म्हणणं?”

फादर गिडरींनी टोपी हातात फिरवली. “चर्च या बाबतीत काही म्हणत नाही,” ते म्हणाले. “पण मला मात्र चांगल्या गंबोची स्वप्नं पडतात, यूला.” नॉर्बर्ट काकाने त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की फादर परतीच्या वाटेवर चार पावलं मागूनच चालले.

इकडे लुशस आठवडाभर पायांचा सराव करत होता. ऑरेल सिमियन कुबडी काखेत घेऊन रोज सरावाला यायचा आणि कडेला बसून ओरडायचा. “डोळ्यांकडे काय बघतोस? लग्न करायचंय का त्याच्याशी? कमरेकडे बघ. माणूस डोळ्यांनी फसवतो, खांद्यांनी फसवतो. कंबर वळली की मात्र तो तिकडेच जाणार.” लुशस कमरेकडे बघायला लागला. सोमवारी चुकला, मंगळवारी चुकला, बुधवारी दोनदा पडला. शुक्रवारी ऑरेल ओरडेनासा झाला आणि दाण्यांच्या शेंगा खात बसला. लुशसने त्यातून जो काय अर्थ काढायचा तो काढला.

शनिवारी ऊन चांगलं होतं. कॉटनव्हिलचा गडी बोल्डन लुशसपेक्षा वीतभर उंच होता आणि त्याच्या तोंडाला खीळ नव्हती.

“तूच का तो, ज्याच्या पोटावर चेंडू पडतात?”

“हो.”

“आज पालथा पड. बघू काय होतं.”

लुशसने बोल्डनच्या कमरेवर नजर लावली आणि ती दुपारभर काढली नाही. बोल्डन डावीकडे गेला, हा डावीकडे. बोल्डन थांबला, हा थांबला. बोल्डनने खांदे उजवीकडे टाकून डावीकडे उडी मारली, आणि बघतो तर लुशस आधीच तिथे. कॉटनव्हिलचा चेंडू फेकणारा दर वेळी मान वळवून या बाजूला बघायचा, तोंड वाकडं करायचा आणि दुसरीकडे फेकायचा. सामना अर्धा झाला तरी लुशसकडे एकही चेंडू आला नाही. तिसरा भाग संपता संपता बोल्डन पार कंटाळला.

“माझ्याकडे कुणी फेकतच नाही राव,” तो धापा टाकत म्हणाला. “तू शिकतोस काय?”

“मासेमारीचं शास्त्र. तू?”

“हिशेब. मासे बरे असतील.”

“बरे असतात. होडी वाईट असते.”

गावकऱ्यांचे चेहरे मात्र पडले होते. “आज पोराला काही जमत नाहीये,” कुणी म्हणालं. “एकदाही पडला नाही अजून,” दुसऱ्याने दुजोरा दिला. लुशसला ते ऐकू येत होतं. इतकं चांगलं तो जन्मात खेळला नव्हता आणि गाव त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत होतं.

शेवटचा भाग सुरू झाला आणि मावशीने मैदानाकडे पाठ करून तेलात मैदा सोडला. आपण थोडक्या गुणांनी पुढे होतो. कॉटनव्हिलवाले मात्र फूट फूट करत सरकत आले, आणि आले ते नेमके मावशीच्या बाजूच्या गोलखांबांकडे. घड्याळात काही क्षण उरले. एक शेवटचा डाव. चेंडू खांबांसमोरच्या पट्ट्यात कॉटनव्हिलच्या हाती लागला तर ते जिंकणार, नाही लागला तर आपण. लुशस त्या पट्ट्यात उभा राहिला तेव्हा मावशीची पाठ त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होती, आणि तिच्याभोवती अर्धं गाव गोळा झालं होतं.

“यूला, हात थांबव,” नॉर्बर्ट काका गयावया करत होता. “जराच. एक श्वासभर.”

“सरक, उजेड अडतोय.”

“यूला, माझे मेव्हणे हसतायत गं.”

“हसू दे. दात चांगले आहेत त्यांचे.”

लुशसने श्वास आत ओढला. जाळीतून वास येत होता, भाजलेल्या अक्रोडासारखा, गोड आणि खमंग. करपल्याचा मागमूस नाही. मावशीचा हात थांबला नव्हता. तेव्हा त्याला उमगलं की आज पाठीशी काहीच नाही. सप्टेंबरापासून पहिल्यांदाच तो या मैदानावर एकटा होता, आणि त्याला सपाटून भीती वाटली.

बोल्डनची कंबर वळली.

लुशस तिच्याबरोबर वळला. दुसरं कुणीच मोकळं नव्हतं, म्हणून चेंडू फेकणाऱ्याने अखेर नाइलाजाने या कोपऱ्याकडे चेंडू सोडला, उंच आणि सुरेख. बोल्डन उडाला. लुशस त्याच्या आधी उडाला. पाय जागेवर, कंबर जागेवर, हात वर, आणि चेंडू सरळ त्याच्या दोन पंजांमध्ये आला. ना काख, ना गुडघा, ना पोट. शाळेतल्या मुलांना दाखवायला फोटो काढावा असा.

आणि तो निसटला. साबणाच्या वडीसारखा बोटांतून सुळकन खाली गेला, जमिनीवर टप्पा खाल्ला आणि कुंपणाला जाऊन लागला. पंचाने हात आडवे हलवले. घड्याळ संपलं होतं. पॉइंट ल्यूस जिंकलं होतं.

जिंकल्याचं गावाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण सगळे आधी हळहळले. “हातात आलेला सोडला,” नॉर्बर्ट काका जाळीला धरून म्हणाला. “हातात आलेला.” मग बाकीचे ओरडायला लागले तेव्हा तोही ओरडला, पण त्यात जीव नव्हता.

एबेअर सर मैदान ओलांडून आले. लुशस आपल्या पंजांकडे बघत उभा होता.

“चेंडू आला तेव्हा कुठे होतास?”

“त्याच्या कमरेपाशी.”

“त्याआधी?”

“तिथेच.”

“दुपारभर?”

“दुपारभर, सर. पण सुटला.”

“सुटणारच. तुझ्या हातांना चेंडूची सवय कुठे आहे? पोटाला आहे.” सरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. “हात मी उन्हाळ्याआधी शिकवतो. पाय मला कुणाला शिकवता आलेले नाहीत आजवर. त्या पोराला मी फोन करून सांगतो, येऊ नकोस.” ते जायला वळले आणि पुन्हा थांबले. “रू नीट होती ना?”

“नीट होती, सर. वास आला मला.”

“मलाही आला. खात्री केली एवढंच.” आणि मग एबेअर सरांनी, ज्यांनी आयुष्यात कुणाला शाबासकी दिली नव्हती, लुशसच्या हेल्मेटवर दोन टपल्या मारल्या. “चालेल,” ते म्हणाले.

जेवणं सुरू झाली तेव्हा उजेड होता अजून. गंबो वाढला गेला आणि कुंपणाकडेचं सगळं बोलणं बंद पडलं. नुसते चमचे वाजत होते. फादर गिडरींचे डोळे या वेळी उघडे होते आणि भरून आले होते. ज्या मेव्हण्यांची नॉर्बर्ट काकाने एवढी धास्ती घेतली होती ते वाडगं चाटत होते आणि हरल्याचं विसरले होते. नॉर्बर्ट काका तिसऱ्यांदा वाढून घ्यायला आला तरी त्याचं तुणतुणं चालूच होतं.

“करपवली असतीस तर सुटला नसता.”

“करपवली असती तर तू तिसरं वाडगं मागायला आला नसतास,” मावशी म्हणाली. मग तिने लुशसला जवळ बोलावलं. “मी पाठमोरी होते. मला कुणी धड सांगत नाहीये. झालं काय नेमकं?”

“पोराला बोल लावू नकोस,” नॉर्बर्ट काका मोठ्या मनाने म्हणाला. “त्याच्या हातात काही नव्हतं. सगळा रूचा खेळ. रूनेच सोडला तो चेंडू.”

लुशसने आपलं वाडगं खाली ठेवलं. मोसमभर गावाने त्याला डोक्यावर घेतलं होतं तेव्हा तो खालमानेने हसायचा. आता पहिल्यांदाच त्याने मान वर केली.

“नॉर्बर्ट काका, रूचं नाव काढायचं नाही,” तो म्हणाला. “ते पाच कुणाचेही असोत. हा माझा होता, आणि मी सोडला. मी, या दोन हातांनी.” आणि त्याने दोन्ही पंजे सगळ्यांना दिसतील असे वर धरले, इतक्या अभिमानाने की कॉटनव्हिलच्या मेव्हण्यांना वाटलं, पोराने काहीतरी जिंकलंय.

मावशीने त्या पंजांत एक काठोकाठ भरलेलं वाडगं ठेवलं. सगळं गाव श्वास रोखून बघत राहिलं. ते मात्र त्याने नीट धरलं.